पिव्होट टेबल: खरेदी-विक्रीच्या नोंदींचा गोषवारा काढताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रावेर-सावद्याकडची केळी खरेदी असो, धरणगाव-शिरपूरकडचे जिनिंग असो, नंदुरबारच्या मिरचीच्या पथाऱ्या असोत की जळगावातली डाळ मिल, रोजच्या नोंदी आता बहुतेक ठिकाणी एक्सेलमध्ये असतात. नोंदी असतात, गोषवारा मात्र अजून कॅल्क्युलेटरवर निघतो. खालची उत्तरे अशा कामासाठी आहेत. उदाहरणांतले आकडे समजावण्यापुरते आहेत, ते बाजारभाव नव्हेत. फॉर्म्युल्यांची नावे आणि अंक इथे देवनागरीत दिले आहेत, शीटमध्ये टाइप करताना ते इंग्रजीतच टाका.

पिव्होट टेबल नेमके काय करते?

समजा, केळी खरेदीच्या शीटमध्ये हंगामाच्या चार हजार ओळी आहेत. एक ओळ म्हणजे एका शेतकऱ्याच्या एका मालाची नोंद: तारीख, शेतकरी, गाव, तालुका, प्रत, वजन, दर, रक्कम. पिव्होट या ओळींचे गठ्ठे बांधते आणि प्रत्येक गठ्ठ्याची बेरीज, मोजणी किंवा सरासरी देते. तालुकावार वजन पाहिजे तर तालुका डावीकडे ओढायचा, त्यात नवती किती आणि वापसी किती (या केळीच्या प्रती) हे पाहिजे तर प्रत वर ओढायची. मूळ नोंदीला धक्का लागत नाही, त्यामुळे बिनधास्त उलटसुलट करून पाहता येते. एक्सेलमध्ये ही सोय १९९३ च्या पाचव्या आवृत्तीपासून आहे, म्हणजे ऑफिसातला जुना कॉम्प्युटर हे कारण चालणार नाही.

आमची शीट पिव्होटला चालेल का?

बहुतेक वेळा आहे तशी चालत नाही, आणि सगळा वेळ इथेच जातो. वहीत लिहायची सवय शीटमध्ये तशीच उतरलेली असते.

शीर्षकांची ओळ एकच हवी आणि प्रत्येक रकान्याला नाव हवे. एका जरी रकान्याचे शीर्षक रिकामे राहिले, तर फील्डचे नाव वैध नाही असा संदेश देऊन एक्सेल थांबते. वर संस्थेचे नाव, पत्ता आणि हंगाम लिहिलेल्या ओळी असतील, तर त्यांच्यात आणि शीर्षकांत एक ओळ पूर्ण रिकामी सोडा. मर्ज केलेले सेल सोडवा.

दुसरी सवय ‘आजचे एकूण’ लिहिण्याची. रोजच्या नोंदींखाली बेरजेची ओळ असेल तर पिव्होट तिलाही एक नोंद समजते. रोज अशी ओळ असलेल्या शीटमध्ये हंगामाचे वजन बरोबर दुप्पट येते, आणि ते दुप्पट आहे हे पटकन ध्यानातही येत नाही, कारण आकडा मोठा दिसला की कोणी तक्रार करत नाही. बेरजेच्या ओळी काढून टाका. बेरीज करणे हे आता पिव्होटचे काम.

तिसरी सवय म्हणजे गावाचे नाव पहिल्या ओळीत लिहून खाली जागा कोरी सोडणे. माणसाला कळते की खालचे सगळे त्याच गावचे, एक्सेलला कळत नाही. उपाय अर्ध्या मिनिटाचा आहे. गावाच्या रकान्यात पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंतचे सेल निवडा, एफ५ दाबा, ‘स्पेशल’मध्ये ‘ब्लँक्स’ निवडा. फक्त रिकामे सेल निवडले जातील. आता बरोबरचे चिन्ह टाइप करा, वरचा बाण एकदा दाबा आणि कंट्रोल धरून एंटर मारा. सगळ्या कोऱ्या जागांत वरचे नाव उतरते. मग तो रकाना कॉपी करून त्याच जागी ‘पेस्ट व्हॅल्यूज’ करा, नाहीतर पुढे सॉर्ट केल्यावर गावे इकडची तिकडे होतील.

वजनाच्या सेलमध्ये फक्त आकडा ठेवा. ‘२५ क्विं.’ असे लिहिले की तो मजकूर झाला. एकक शीर्षकात लिहा: ‘वजन क्विंटल’.

पहिली पिव्होट बांधायची कशी?

१. नोंदींतल्या कुठल्याही सेलवर क्लिक करून कंट्रोल आणि टी दाबा, ‘शीर्षके आहेत’ या चौकटीत टिक असल्याची खात्री करा आणि ओके म्हणा. साध्या नोंदींचे टेबल होते. त्याला ‘खरेदी’ असे नाव द्या.
२. ‘इन्सर्ट’ मेनूतून ‘पिव्होट टेबल’ घ्या, नवीन शीट निवडा, ओके.
३. उजवीकडे रकान्यांची यादी आणि खाली चार चौकटी दिसतील. तालुका ‘रोज’मध्ये (म्हणजे ओळींत), प्रत ‘कॉलम्स’मध्ये, वजन ‘व्हॅल्यूज’मध्ये ओढा.
४. आकड्यावर राईट क्लिक करून ‘व्हॅल्यू फील्ड सेटिंग्ज’ उघडा आणि तिथल्या ‘नंबर फॉरमॅट’मधून दशांश ठरवा. साध्या सेल फॉरमॅटने केले तर मांडणी बदलल्यावर ते उडू शकते.

पहिली पायरी लोक गाळतात. ती गाळली तर पिव्होट ठरावीक ओळींपुरतीच राहते. आज ५०० ओळींवर बांधली असेल तर उद्याची ५०१ वी ओळ त्यात कधीच येणार नाही, कितीही वेळा रिफ्रेश करा.

बेरजेऐवजी मोजणीच येते. असे का?

त्या रकान्यात कुठेतरी मजकूर आहे. एका सेलमध्ये ‘२५ क्विं.’, एखाद्या ठिकाणी डॅश किंवा आकड्यामागे राहिलेली जागा एवढे पुरते. जुन्या आवृत्त्यांत एक रिकामा सेलही पुरत असे. नुसते ‘सम’ निवडून वेळ मारून नेऊ नका. तसे केले तर मजकूर झालेले आकडे बेरजेतून गुपचूप गळतात. आधी रकाना दुरुस्त करा. मजकूर झालेले आकडे सहसा सेलच्या डाव्या कडेला चिकटलेले दिसतात, खरे आकडे उजव्या.

सरासरी दर काढला तर तो पट्टीशी जुळत नाही. पिव्होट चुकते आहे का?

सरासरी गणिताने बरोबर आहे, फक्त तुम्हाला हवी ती नाही. या एका प्रश्नावर जितका घोळ होतो तितका कुठेच होत नाही, म्हणून हिशेब सावकाश पाहू.

एका दिवसाच्या तीन नोंदी: नवती १२० क्विंटल, दर १,८०० रुपये, रक्कम २,१६,०००. पिलबाग १५ क्विंटल, दर १,२००, रक्कम १८,०००. वापसी १० क्विंटल, दर ९००, रक्कम ९,०००. ‘दर’ हा रकाना ‘व्हॅल्यूज’मध्ये टाकून ‘अॅव्हरेज’ निवडले तर एक्सेल १,८००, १,२०० आणि ९०० यांची बेरीज करून तिनाने भागते. उत्तर १,३०० रुपये. पण प्रत्यक्षात १४५ क्विंटलला २,४३,००० रुपये मोजले गेले, म्हणजे क्विंटलला १,६७५ रुपये ८६ पैसे. साध्या सरासरीने १० क्विंटल वापसीला १२० क्विंटल नवतीइतकाच मान दिला. फरक क्विंटलमागे ३७५ रुपयांच्या पुढे गेला.

योग्य दरासाठी ‘पिव्होट टेबल अॅनालाइझ’ मेनूतून ‘फील्ड्स, आयटम्स अँड सेट्स’, त्यातून ‘कॅल्क्युलेटेड फील्ड’ उघडा. नाव द्या ‘सरासरी भाव’, सूत्र लिहा: =रक्कम/वजन (शीर्षक ‘वजन क्विंटल’ असेल तर =रक्कम/'वजन क्विंटल'). एवढेच. कॅल्क्युलेटेड फील्ड आधी दोन्ही रकान्यांच्या बेरजा करते आणि मग भागाकार करते, त्यामुळे तालुक्याच्या ओळीत, गावाच्या ओळीत आणि शेवटच्या एकूण ओळीतही दर खरा येतो.

हीच खोड उलट दिशेने महागात पडते. रक्कम हा रकाना नसेल आणि कोणी कॅल्क्युलेटेड फील्डमध्ये =वजन*दर लिहिले, तर एक्सेल वजनांची बेरीज १४५ आणि दरांची बेरीज ३,९०० यांचा गुणाकार करते: ५,६५,५०० रुपये. खरी रक्कम २,४३,०००! गुणाकार नेहमी मूळ शीटमध्ये ओळीओळीला करून रकाना बनवा. बेरीज-वजाबाकी मात्र चालते; एकूण वजनातून कटती वजा करून निव्वळ वजन काढायला कॅल्क्युलेटेड फील्ड ठीक आहे. मिरचीचा उताराही याच भागाकाराने निघतो: वाळलेले वजन भागिले ओले वजन, फॉरमॅट टक्केवारीचा.

एकाच गावाच्या दोन-दोन ओळी का दिसतात?

पिव्होट अक्षरे पाहते, गाव ओळखत नाही. चोपडा आणि चोपडे, पारोळा आणि पारोळे, अमळनेर आणि अंमळनेर, सावदा आणि सावदे, आपण दोन्ही बोलतो आणि लिहितोही. पिव्होटसाठी ती वेगवेगळी गावे. हे निदान डोळ्यांना दिसते. न दिसणारे प्रकार तीन.

पहिला, नावामागे राहिलेली मोकळी जागा. नवीन रकान्यात =ट्रिम(सी२) लिहून ती जाते. वेबसाईटवरून किंवा दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून उचललेल्या यादीत वेगळ्या जातीची स्पेस असते, ती ट्रिमने जात नाही. तिथे =ट्रिम(सबस्टिट्यूट(सी२,कॅर(१६०)," ")) वापरा.

दुसरा प्रकार खास मराठीचा. ‘बऱ्हाणपूर’मधला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो, कीबोर्डवर अवलंबून. एका तऱ्हेत त्यात न दिसणारे एक जोडचिन्ह असते. पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे दिसतात, पण =लेन(सी२) विचारले तर एक ९ सांगतो आणि दुसरा १०. शेतकऱ्यांच्या आडनावांतही हे होते. एक रूप कॉपी करून ‘फाइंड अँड रिप्लेस’ने दुसऱ्याच्या जागी सगळीकडे बसवा.

तिसरा, जुन्या फाईली. श्रीलिपी किंवा कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केलेली नावे दिसायला मराठी असतात, आत मात्र इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे असतात. पिव्होट नवीन शीटवर साध्या फॉन्टमध्ये उघडले की गावांच्या जागी अगम्य अक्षरे येतात. पिव्होटच्या रकान्याला तो फॉन्ट लावून वेळ भागते, पण फिल्टरच्या यादीत पुन्हा तोच गोंधळ. पक्का इलाज युनिकोडमध्ये रूपांतर. कन्व्हर्टरने केल्यावर जोडाक्षरे एकदा डोळ्यांखालून घाला.

पुढच्या हंगामात हा त्रास नको असेल तर वेगळ्या शीटवर गावांची एकच यादी करा आणि ‘डेटा व्हॅलिडेशन’ने गावाच्या सेलमध्ये ती यादी लावा. टाइप करणाराचे काम वाढत नाही, उलट कमी होते.

तारखा महिन्यांत गटबद्ध होत नाहीत. ‘ग्रुप करता येत नाही’ असे येते.

रकान्यातली एक तरी तारीख मजकूर आहे. आपल्याकडे ‘१२.११.२०२४’ असे ठिपके देऊन लिहायची पद्धत आहे, ती भारतीय सेटिंगच्या एक्सेलला तारीख वाटत नाही. रकाना निवडा, ‘डेटा’ मेनूतून ‘टेक्स्ट टू कॉलम्स’ घ्या, दोनदा ‘नेक्स्ट’, मग ‘डेट’ निवडून क्रम दिवस-महिना-वर्ष ठेवा आणि ‘फिनिश’.

याहून वाईट बिघाड संगणकाचे रिजन अमेरिकन असल्यावर होतो. ५ नोव्हेंबर म्हणून ०५/११ टाकले की ११ मे होतो. २५ नोव्हेंबर टाकले तर पंचविसावा महिना नसल्याने तो मजकूर राहतो. म्हणजे प्रत्येक महिन्याच्या १ ते १२ तारखा उलटतात (११/११ सारख्या सोडून) आणि १३ पासूनच्या मजकूर होतात. कापसाच्या पिव्होटमध्ये खरेदी बंद असतानाच्या महिन्यांत थोडी थोडी आवक दिसू लागली, तर आधी हेच तपासा. उलटलेल्या तारखांना टेक्स्ट टू कॉलम्सचा उपयोग नाही, कारण एक्सेलच्या लेखी त्या नीट तारखा आहेत. त्यांच्यासाठी =डेट(इयर(ए२),डे(ए२),मंथ(ए२)). हे फक्त उलटलेल्या ओळींनाच लावा. आणि विंडोजचे रिजन ‘इंग्लिश इंडिया’ करा, नाहीतर उद्या पुन्हा तेच.

एप्रिल ते मार्च असे वर्ष कसे मिळेल?

ग्रुप करताना ‘मंथ्स’बरोबर ‘इयर्स’ही निवडा. फक्त महिने निवडले तर यंदाचा आणि गेल्या वर्षीचा जानेवारी एकत्र मिसळतो. आर्थिक वर्षाची बेरीज हवी असेल तर मूळ शीटमध्ये एक रकाना वाढवा: =इयर(ए२)-(मंथ(ए२)<४). १५ फेब्रुवारी २०२५ साठी उत्तर २०२४ येते, म्हणजे २०२४ च्या एप्रिलपासून सुरू झालेले वर्ष. कापसाचा हंगाम ऑक्टोबर ते सप्टेंबर धरतात. त्यासाठी ४ च्या जागी १० लिहा.

ओलाव्याचे गट पाडता येतात का?

येतात. कापसाच्या नोंदीत ओलावा ८.४, ९.१, ११.७ असा असेल तर तो ‘रोज’मध्ये टाका, एखाद्या आकड्यावर राईट क्लिक करून ‘ग्रुप’ घ्या, सुरुवात ८, शेवट १२, टप्पा १. ‘९-१०’ या गटात नेमके ९ येते, नेमके १० पुढच्या गटात जाते. ओलाव्याच्या एका सेलमध्ये जरी मजकूर असला तर इथेही तारखांसारखाच नकार मिळेल.

नवीन नोंदी टाकल्या तरी पिव्होट तीच का दाखवते?

पिव्होट नोंदींची आतली एक नक्कल घेऊन तिच्यावर काम करते. ऑल्ट आणि एफ५ ने ती ताजी होते, कंट्रोल-ऑल्ट-एफ५ ने फाईलमधल्या सगळ्या. ‘पिव्होट टेबल ऑप्शन्स’च्या ‘डेटा’ भागात फाईल उघडताना रिफ्रेश करण्याची टिक आहे, ती लावून ठेवा. तिथेच ‘ऑटोफिट’ची टिक ‘लेआउट’ भागातून काढा, म्हणजे रिफ्रेश केल्यावर रकान्यांच्या रुंद्या बदलणार नाहीत.

दुरुस्त केलेले जुने नाव फिल्टरमध्ये अजून दिसते.

त्याच ‘डेटा’ भागात प्रत्येक फील्डचे किती जुने आयटम ठेवायचे ते ‘नन’ करा आणि रिफ्रेश करा.

दर महिन्याची शीट वेगळी आहे. काय करावे?

यापुढे एकच शीट चालवा, महिना तारखेतून आपोआप मिळतो. जुन्या बारा शीट जोडायला एक्सेल २०१६ पासून पुढे ‘डेटा’ मेनूतले ‘गेट डेटा’ वापरून ‘अपेंड’ करा. बाराही शीटची शीर्षके अक्षरशः सारखी हवीत. एकीत ‘वजन’ आणि दुसरीत ‘वजन क्विंटल’ असेल तर दोन रकाने होतील.

आमच्या शीटमध्ये महिने आडवे आहेत: गाव, मग जून, जुलै, ऑगस्ट...

तो आधीच झालेला गोषवारा आहे, नोंद नव्हे. गोषवाऱ्याचा गोषवारा नीट निघत नाही. ती शीट पॉवर क्वेरीत (‘गेट डेटा’ने उघडणाऱ्या खिडकीत) घेऊन गावाचा रकाना निवडा आणि ‘अनपिव्होट अदर कॉलम्स’ द्या. गाव, महिना, वजन अशा उभ्या ओळी मिळतील.

किती नोंदी हे कळते, पण किती शेतकरी हे कसे मोजायचे?

साधी मोजणी एकाच शेतकऱ्याला त्याच्या जितक्या नोंदी तितक्या वेळा मोजते. पिव्होट घालतानाच ‘डेटा मॉडेल’मध्ये जोडण्याची टिक लावा (एक्सेल २०१३ पासून पुढे). मग व्हॅल्यू फील्ड सेटिंग्जच्या यादीत शेवटी ‘डिस्टिंक्ट काउंट’ दिसेल. या प्रकारात वर सांगितलेले कॅल्क्युलेटेड फील्ड मिळत नाही, म्हणून शेतकरी मोजायची पिव्होट वेगळी ठेवणे सोपे. मोजताना नावापेक्षा सभासद क्रमांक धरा, एका गावात एकाच नावाचे चार जण सहज निघतात.

‘सम ऑफ वजन’ हे नाव बदलून ‘वजन’ करता येत नाही.

ते नाव मूळ रकान्याने घेतले आहे. ‘वजन’ लिहून पुढे एक स्पेस द्या, चालते.

एकूणात कोणाचा किती टक्के वाटा?

आकड्यावर राईट क्लिक, ‘शो व्हॅल्यूज अॅज’, मग एकूण बेरजेच्या किंवा रकान्याच्या बेरजेच्या टक्क्यांपैकी एक. चढती बेरीजही याच यादीत आहे. वजन आणि टक्का शेजारी हवे असतील तर वजन ‘व्हॅल्यूज’मध्ये दोनदा ओढा.

पिव्होटची फाईल व्यापाऱ्याला पाठवली तर चालेल?

थांबा. पिव्होटमधल्या कुठल्याही आकड्यावर डबल क्लिक केले की त्यामागच्या सगळ्या ओळी नवीन शीटवर उघडतात. तपासणीसाठी ही सोय उत्तम आहे: रावेरचे वजन जास्त वाटले तर त्या आकड्यावर डबल क्लिक करा, चुकीची ओळ समोर येते. पण बाहेर पाठवलेल्या फाईलमध्येही ती चालते. मूळ शीट डिलीट केली तरी आतली नक्कल फाईलसोबत जाते, म्हणजे प्रत्येक शेतकऱ्याचे नाव, त्याला दिलेला दर आणि रक्कम समोरच्याच्या हाती. पिव्होट कॉपी करून नव्या फाईलमध्ये ‘पेस्ट व्हॅल्यूज’ करा किंवा पीडीएफ पाठवा.

गूगल शीट्समध्ये हेच होते का?

होते, थोड्या फरकाने. पिव्होट आपोआप ताजी होते, फक्त निवडलेली रेंज पुढच्या ओळींपर्यंत पोहोचली पाहिजे. वेगवेगळे शेतकरी ‘काउंटयुनिक’ने थेट मोजता येतात. सरासरी भावासाठी कॅल्क्युलेटेड फील्डमध्ये ‘कस्टम’ निवडून =सम('रक्कम')/सम('वजन') असे लिहा. लिब्रेऑफिस कॅल्कमध्येही पिव्होट आहे आणि ते फुकट आहे. लहान संस्थेला पुरते.

किती ओळींपर्यंत चालते?

एक्सेलच्या एका शीटवर १०,४८,५७६ ओळी मावतात. फाईल जुन्या प्रकारात सेव्ह केलेली असेल तर ६५,५३६. एवढ्या नोंदी एका हंगामात क्वचितच होतात, त्यामुळे फाईल जड झाली असेल तर कारण बहुधा दुसरेच असते: हजारो रिकाम्या सेलना लावलेले रंग आणि किनारी.

आकड्यांत लाख-कोटीचे स्वल्पविराम येत नाहीत.

विंडोजच्या रिजन सेटिंगमध्ये ‘अॅडिशनल सेटिंग्ज’ उघडून अंकांची गटवारी १२,३४,५६,७८९ या नमुन्याची निवडा. मग एक्सेल बंद करून पुन्हा उघडा.